प्रेमकाव्य कसें वाचावें?

अंबरनाथच्या शिवालयांतील शिलालेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हें वर्ष सांगतो. परंतु तेथील मूर्तींचें सौंदर्य जाणण्यास तेवढें पुरत नाहीं. मूर्तींपुढेंच उभें राहावें लागतें. माधव जूलियन (१८९४–१९३९) यांचें ‘विरहतरंग’ हें १९२६ मधील खंडकाव्य वाचतांना मला याची आठवण होते.

महाविद्यालयीन तरुणाच्या विफल प्रेमाची ही कथा. विरह संस्कृत काव्यांत होता, शृंगार लावणींत होता. मग नवें तें काय? विवाह आधीं आणि प्रीति मागाहून, हा आपल्या घरांतील क्रम. १९२९ च्या शारदा कायद्यानेंहि वधूचें किमान वय १४ च ठेविलें. अशा काळीं आपण होऊन निवडलेल्या तरुणीसाठीं झुरणें, हें नवें होतें. आपल्याकडे जीव ‘जडत’ असे. प्रेमांत ‘पडणें’ हा शब्दप्रयोग इंग्रजीच्या वळणाचा.

कवि फारसीचे प्राध्यापक होते. म्हणून वाचक त्या तरुणांत त्यांनाच शोधूं लागतो. हा मोह आवरावा. चरित्र हा शिलालेख. मूर्ति शब्दांत आहे. तेथें दिसणारें दुःख एकट्या कवीचें नव्हे. निवडीचा अधिकार नुकताच मागूं लागलेल्या एका पिढीचें आहे.