महाराष्ट्र जनुक कोष

महाराष्ट्रातील पिकांचे स्थानिक वाण, देशी जनावरे, सागरी व गोड्या पाण्यातील जीव, गवताळ कुरणे आणि त्यांविषयीचे लोकज्ञान जतन करण्याचा राज्य शासनाचा प्रकल्प. राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगामार्फत झालेल्या पथदर्शी कामानंतर एप्रिल २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने पाच वर्षांसाठी १७२.३९ कोटी रुपये मंजूर केले.

नावावरून शीतगृहातील नमुने डोळ्यांपुढे येतात. खरा भर मात्र वाण शेतातच जिवंत ठेवण्यावर आहे. कोंभाळणे (ता. अकोले) येथील राहीबाई पोपेरे (पद्मश्री, २०२०) यांनी बायफ संस्थेच्या साहाय्याने उभारलेली गावठी बियाण्यांची बँक हे याचे सर्वपरिचित उदाहरण. मडक्यात राख व कडुलिंबाचा पाला घालून बी राखण्याची रीत घरातल्या बायकांची; त्याच बियाण्याची उगवणक्षमता व गुणधर्म मोजण्याचे काम प्रयोगशाळेचे. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ अन्वये असे वाण शेतकऱ्यांच्या नावे नोंदवता येतात, हे लोकज्ञान व प्रयोगशाळा यांच्या देवाणघेवाणीतले महत्त्वाचे कलम.

बदलापूरच्या जांभळाला २०२३ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन वाणाच्या अशा नोंदणीहून निराळे. ते फळाच्या नावाला संरक्षण देते. शहर वाढताना तुटणारी झाडे त्याच्या कक्षेत येत नाहीत.