आंग्र्यांचें अलिबाग

मुंबईकरास अलिबाग ठाऊक असतें तें पुष्कळदां एका टोमण्यापुरतें. कोणीं भाबडा प्रश्न विचारला कीं, 'अलिबागहून आलास काय?' असें त्यास ऐकविण्यांत येतें. ज्या गांवानें एके काळीं मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरांची झोंप उडविली, त्याचेंच नांव मुंबईंत भोळसटपणाचें चिन्ह व्हावें, हा दैवदुर्विलासच होय! सुटीसाठीं तेथें जाणारा प्रवासीहि बहुधा वाळू, नारळीपोफळीची छाया आणि ताज्या मासळीचें जेवण यांवर तृप्त होऊन परततो. समोर समुद्रांत उभा असलेला कुलाबा किल्ला त्याच्या लेखीं केवळ देखावा असतो.

किल्ल्यांत जाण्याची वेळ मात्र प्रवाशाच्या हातीं नसते. ती ओहोटी ठरविते. पाणी ओसरलें म्हणजे किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत ओली वाळू उघडी पडते आणि पायीं अगर घोडागाडींतून जातां येतें. परतावयास उशीर केला तर भरती वाट बंद करते. म्हणून निघण्यापूर्वीं तेथल्या कोळ्यांस पाण्याची वेळ विचारणें शहाणपणाचें. या चमत्कारिक वाटेंतच किल्ल्याचें मर्म आहे. दिवसांतून दोनदां समुद्रच त्याचा खंदक होई, आणि त्यास पहारेकऱ्याचा पगार द्यावा लागत नसे! शिवाजीमहाराजांनीं अखेरच्या काळांत आरंभिलेलें हें बांधकाम संभाजीमहाराजांच्या कारकीर्दींत पुरें झालें. तटाचे प्रचंड दगड चुन्यावांचून एकावर एक रचलेले आहेत. लाटेचें पाणी फटींतून शिरतें आणि तिचा जोर तेथेंच जिरतो. चोहोंकडे खारें पाणी असतांना आंत गोड्या पाण्याची सोय आहे, आणि राघोजी आंग्रे यांनीं १७५९ मध्यें बांधविलेलें गणपतीचें देऊळहि आहे.

या किल्ल्यास कीर्ति मिळाली ती कान्होजी आंग्रे यांच्यामुळें. शाहूमहाराजांचे ते सरखेल, म्हणजे आरमाराचे अधिपति. इंग्रजी कागदपत्रांत मात्र त्यांचा उल्लेख चांचा असाच आढळतो. भांडणाचें मूळ होतें दस्तक. या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजानें आंग्र्यांचा परवाना घ्यावा, ही कान्होजींची मागणी होती. पोर्तुगीजांनीं हिंदी महासागरांत असेच परवाने पूर्वींपासून सक्तीनें चालविले होते. युरोपियनानें मागितला तो कर आणि मराठ्यानें मागितली ती लूट, असला हा न्याय! सन १७१८ मध्यें इंग्रजांनीं खांदेरीवर चाल केली, ती फसली. १७२१ च्या अखेरीस इंग्रज व पोर्तुगीज एकत्र होऊन कुलाब्यावर चालून आले. इंग्लंडच्या राजाच्या नौदलाचीं जहाजेंहि मदतीस होतीं. बाजीराव पेशवे कान्होजींच्या साह्यास धांवले, आणि पोर्तुगीजांनीं मराठ्यांशीं निराळा तह करून अंग काढून घेतलें. कुलाबा अजिंक्य राहिला.

कान्होजी १७२९ मध्यें वारले. पुढें मुलांत दुही माजली. तुळाजींचें आरमार १७५६ मध्यें विजयदुर्गास इंग्रजांनीं जाळलें, तें पेशव्यांशीं हातमिळवणी करून. मराठ्यांच्या इतिहासांतील हें पान वाचतांना आजहि मन विषण्ण होतें. कुलाब्याची गादी कांहीं काळ टिकली. औरस वारस उरला नाहीं तेव्हां दत्तक नाकारून इंग्रजांनीं १८४० मध्यें संस्थान खालसा केलें. डलहौसी हिंदुस्थानांत आला तो १८४८ सालीं. त्याच्या नांवावर मोडणारें हें धोरण अलिबागनें त्यापूर्वींच अनुभविलें होतें.

शहरांत हिंडणाऱ्यानें हिराकोट आणि कान्होजींची समाधि अवश्य पाहावी. येथील चुंबकीय वेधशाळा १९०४ पासूनची. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येऊं घातल्या. त्यांच्या योगें तेथील कुलाबा वेधशाळेंतील सूक्ष्म नोंदी बिघडल्या असत्या, म्हणून हें काम अलिबागेस हलविलें. पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद येथें अद्याप चालूं आहे.

मुंबईहून मांडव्यापर्यंत बोटीनें यावें आणि पुढें सडकेनें. पावसाळ्यांत लहान बोटी बंद असतात. किल्ल्यांत गेल्यावर चाकांच्या गाड्यांवर बसविलेल्या दोन तोफा दिसतील. आंग्र्यांच्या तोफा म्हणून लोक त्यांच्याशेजारीं उभे राहून छायाचित्रें काढवितात. परंतु त्यांच्यावर नांव कोरलेलें आहे तें इंग्लंडांतील यॉर्कशायरच्या कारखान्याचें.