पायाळू गर्भ वळविणे
गर्भाशयात डोके वर आणि कुल्ले किंवा पाय खाली असलेला गर्भ पायाळू होय. बहुतेक गर्भ आपोआप वळतात. दिवस भरताना ३–४ टक्केच तसे राहतात. साधारण ३७व्या आठवड्यात डॉक्टर पोटावरून हाताने दाब देत गर्भ फिरवतात. सुमारे निम्म्या वेळा यश येते. सोनोग्राफी, बाळाच्या ठोक्यांवर लक्ष आणि सिझेरियनची सोय हवीच. वार खाली असल्यास, रक्तस्रावात किंवा जुळ्यांत हा प्रयत्न टाळतात. गुडघे-छाती आसनाचा उपयोग सिद्ध नाही. पायाळू जन्मलेल्या माणसाच्या लाथेने उसण जाते हा समज निरुपद्रवी. सुईणीकडून पोट चोळून घेणे मात्र धोक्याचे. मुंबईतल्या माहुलच्या गरोदर स्त्रियांसाठी गोवंडीचे शताब्दी आणि सायनचे लोकमान्य टिळक ही पालिका रुग्णालये आहेत.