मासळी बाजारात कशी पोहोचते?

हर्णेच्या बंदरावर कॅमेरा आला की आधी सुवर्णदुर्ग टिपतो, मग पाण्यात उतरलेल्या बैलगाड्या, मग लिलाव. निवेदकाचा आवाज बहुधा पुरुषाचा. मच्छीमार बांधव समुद्रावर जातो, जाळे टाकतो, लाटांशी झुंजतो, असे तो सांगतो. पुढचे वाक्य साधारण असे: मासळी निवडली जाते, वाळवली जाते आणि बाजारात पोहोचते.

या दोन वाक्यांपाशी मी वारंवार अडकतो. पहिल्यात कर्ता ठसठशीत आहे. दुसऱ्यात तो गायब, आणि शेवटी तर मासळी आपल्या पायांनी दापोलीला चालत जाते! पडद्यावर त्याच क्षणी बायका टोपल्या ओढत असतात, कोलंबी वेगळी काढत असतात, भावावरून हुज्जत घालत असतात. माझ्याही टिपणवहीत कैक वर्षे मच्छीमार म्हणजे ‘तो’च होता.

ही सवय जुनी. १९४८ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजन सुरू झाले. त्याचे माहितीपट चित्रपटगृहांत मुख्य खेळाआधी दाखवावेच लागत, आणि एकच निवेदन अनेक भारतीय भाषांत जाई. इंग्रजी क्रियापदाला लिंग नसते. मराठीत नांगरतो की नांगरते, हे ठरवावेच लागते. शेतकरी नांगरतो, भाताची लावणी मात्र ‘होते’.

दीपा धनराज यांच्या ‘समथिंग लाइक अ वॉर’मध्ये (१९९१) ही घडी मोडते. विषय सरकारी कुटुंबनियोजनाचा. एकीकडे शस्त्रक्रियांचे आकडे अभिमानाने सांगणारा डॉक्टर, दुसरीकडे शरीराचे चित्र काढून त्यावर आपापसांत बोलणाऱ्या बायका. सरकारी उद्दिष्टातला आकडा इथे वाक्याचा कर्ता होतो. आनंद पटवर्धनांनी ‘पिता, पुत्र और धर्मयुद्ध’मध्ये उलट बाजूने, मर्दानगीच्याच भाषेवर कॅमेरा धरला. तो दूरदर्शनवर दाखवला जावा यासाठी २००६ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला.

प्रश्न निव्वळ व्याकरणाचा नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली तालुक्यात नुकसान मोजायची वेळ आली. होडी आणि जाळे मोजता येते, त्यांना मालक असतो. भिजून गेलेली सुकट कोणाच्या नावावर लिहायची?

परवा लिलावात एका मावशींना विचारले, “तुम्ही मच्छीमार ना?”

“छे हो, मच्छीमार आमचे मालक. मी आपली बाजार करते,” म्हणाल्या, आणि बोलता बोलता एका व्यापाऱ्याचा भाव धुडकावून त्यांनी टोपली मागे ओढली.