पिंपरीचं नाव मिळालेला जीव

चाकणचा इतिहास म्हटलं की आपल्याला संग्रामदुर्ग आठवतो. १६६० साली शाइस्तेखानाच्या फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्यांनी हा भुईकोट जवळजवळ दोन महिने झुंजवला. चिंचवडचा इतिहास विचारला तर मोरया गोसावींचं नाव निघतं, आणि पिंपरी-भोसरीचा विचारला तर लोक थेट एमआयडीसीवर येतात. म्हणजे १९६२ नंतर. यापेक्षा फार जुनं इथं काही असेल, असं सहसा कुणाच्या मनात येत नाही. मला आज बोलायचंय ते या सगळ्याच्या खाली असलेल्या दगडाविषयी आणि त्यावरच्या मातीविषयी. मी कवितेचा माणूस, बी.ए.ला विज्ञान नव्हतं. पण ज्या जमिनीवर हयात गेली तिची विचारपूस करावीशी वाटतेच.

आमच्या कबरस्तानात खोदाई करणारे एक चाचा होते. त्यांचं भूगर्भशास्त्र एका दमात संपायचं : "ऊपर काली मिट्टी, नीचे मुरूम, उसके नीचे फत्तर. फत्तर लगा तो रुकना." भोसरीत पाया खणणारा कंत्राटदारही हेच सांगेल, फक्त तो थांबत नाही, ब्रेकर लावतो.

हा फत्तर म्हणजे बेसाल्ट, थिजलेला लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या, त्यांतून तो बाहेर आला, पसरला, थंड झाला, पुन्हा आला. असे थरावर थर. आज तो महाराष्ट्राचा बहुतेक भाग धरून जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. कोयनेजवळ शास्त्रज्ञांनी बोअर घेतलं, तेव्हा ९०० मीटरहून अधिक बेसाल्ट भेदल्यावर कुठे खालचा ग्रॅनाइट लागला. घाटातून जाताना कापलेल्या कड्यांकडे पाहा. काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये मध्येच एखादा विटकरी पट्टा दिसतो. दोन उद्रेकांमधल्या उसंतीत दगड ऊनपावसानं झिजून झालेली ती माती आहे. पुढच्या लाव्ह्यानं ती झाकून टाकली.

पृथ्वीचं वय साधारण ४५४ कोटी वर्षं. जिवाच्या खुणा सुमारे ३५० कोटी वर्षांपासून मिळतात, आणि त्यातला बहुतेक काळ नुसत्या एकपेशीय जिवांचा. नजरेत भरतील असे नाना तऱ्हेचे प्राणी दिसू लागले ते ५४ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास, डायनोसॉर २३ कोटींच्या आसपास. या हिशोबात आपला फत्तर पोरसवदाच. पण तो आला मोठ्या नाजूक वेळी. त्याच सुमारास डायनोसॉर संपले आणि त्यांच्याबरोबर जिवांच्या दर चार जातींमागे तीन नाहीशा झाल्या. १९८० साली लुई आणि वॉल्टर अल्वारेझ या बापलेकांनी सहकाऱ्यांसह सांगितलं, की हे अवकाशातून आदळलेल्या अशनीचं काम. पुढे त्याचं विवर मेक्सिकोत सापडलंही. दुसरा पक्ष दख्खनच्या लाव्ह्याबरोबर निघालेल्या वायूंना दोष देतो. आज कौल बराचसा अशनीकडे झुकलाय, पण आपल्या दगडाला अजून पूर्ण निर्दोष कुणी ठरवलेलं नाही.

तापलेल्या लाव्ह्यात हाडं टिकत नाहीत. म्हणून चाकणच्या दगडात डायनोसॉर शोधण्यात अर्थ नाही; त्यासाठी लाव्ह्याच्या पूर्व कडेला, विदर्भात जावं लागतं. तिथं लाव्ह्याखाली गाडला गेलेला गाळ उघडा पडलाय. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या शेतांत डायनोसॉरची हाडं मिळाली, आणि दगड झालेली विष्ठाही. हसू नका. हाडापेक्षा ही विष्ठाच जास्त बोलकी निघाली. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तपासली आणि २००५ साली जाहीर केलं, की तिच्यात गवताच्या पेशींतले काचेसारखे सूक्ष्म कण आहेत, तेही निदान पाच प्रकारच्या गवतांचे. तोवर समजूत अशी, की गवताची भरभराट झाली ती डायनोसॉर गेल्यानंतर फार उशिरा. ज्वारी, बाजरी, गहू, भात, ऊस ही सगळी गवतंच. त्यांची पूर्वज मंडळी लाव्ह्यातून तरली. पुढे माणसानं त्याच लाव्ह्याच्या दगडाचं जातं केलं आणि त्यात हे गवताचं दाणं दळलं.

आता पुन्हा पिंपरीत येऊ. १९५४ साली इथं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. औषधं बनवणारी ही देशातली पहिली सरकारी कंपनी. पेनिसिलिन बुरशीपासून मिळतं, पण पुष्कळशी प्रतिजैविकं मिळतात ती मातीतल्या स्ट्रेप्टोमायसीस नावाच्या जिवाणूंपासून. डायनोसॉरांच्याही आधीपासूनचं हे घराणं. शेजारच्या सूक्ष्मजीवांना दूर ठेवायला ते जी रसायनं सोडतात, त्यांचीच आपण औषधं केली. १९६० च्या आसपास पिंपरीच्या प्रयोगशाळेत डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांनी अशाच एका जिवाणूचं वर्णन केलं. त्याचं नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसीस पिंपरिना. त्याच्यापासून हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध मिळालं. शास्त्राच्या वहीत आपल्या पिंपरीचं नाव कोरलं गेलंय ते असं. मोटारीवर नाही, मातीतल्या जिवावर.

आणखी एक गंमत. पहिल्या पावसाचा जो वास येतो, तोही मुख्यतः या स्ट्रेप्टोमायसीसच्या घराण्याचीच करामत. विंदा करंदीकरांचा 'मृद्‌गंध' आला तोही १९५४ सालीच. योगायोग म्हणा, पण मला तो आवडतो.

फत्तराचा मुरूम व्हायला आणि मुरुमाची माती व्हायला किती काळ लागतो? बोटाच्या पेराएवढी माती तयार व्हायची तर शेकडो वर्षं जातात. चाकणला जिथं कांदा निघायचा, तिथं आता प्लॉट सपाट करताना पोकलेन वरची काळी माती एका आठवड्यात खरवडून बाजूला करतं. कारखाने नकोत असं मी म्हणणार नाही. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्यावरच जगतात. पण त्या मातीचं पुढे काय होतं, हे मी एकदा एका डंपरवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "थोडी भरावाला जाते, थोडी विकतो." कारखाना उभा राहिला की फाटकाशी हिरवळ लावतात. गवतच ते. त्याच्यासाठी माती मात्र पुन्हा ट्रकनं बाहेरून मागवावी लागते.