फ्रिजची किल्ली

आमच्या वॉशिंग मशीनला डेटॉलचा वास येतोय, हे एका मंगळवारी रात्री माझ्या लक्षात आलं. आमच्या घरात डेटॉल नाही.

आम्ही डोंबिवलीत एका जुन्या इमारतीत भाड्याने राहतो. स्वयंपाकघरात जागा नाही, म्हणून मशीन दाराबाहेर, गॅलरीत. नळही तिथेच, प्लगही तिथेच. आम्ही दोघं सकाळी आठला बाहेर पडतो ते रात्री आठला परत. मधल्या बारा तासांत मशीन कोणीतरी वापरत होतं. मग एकेक गोष्ट आठवायला लागली. पावडरचा डबा लवकर संपत होता. बटण आम्ही ठेवतो तिथे नसायचं. एकदा ड्रमला पांढऱ्या चादरीचा सुटलेला धागा चिकटलेला होता.

मित्रांच्या ग्रुपवर विचारलं. पाच मिनिटांत सल्ल्यांचा पाऊस. कॅमेरा लाव. सोसायटीत तक्रार कर. प्लग आत घालून कुलूप लावायची छोटी पेटी मिळते, ती मागव. एकानेही ‘जाऊन बोल’ असं लिहिलं नाही. मलाही ते सुचलं नव्हतं, हे आधीच सांगतो.

रात्री आईला फोन केला. वाटलं, ती म्हणेल, ‘अरे, आमच्या चाळीत कुठे विचारायचं कोण!’ तो मेसेज तुम्हालाही आला असेल. चाळीत दारं उघडी असायची, सगळं सगळ्यांचं असायचं, आणि आता फ्लॅटमध्ये माणसं कोरडी झाली.

आईने ऐकून घेतलं आणि विचारलं, “कुलूप नाही का त्या मशीनला? आमच्या फ्रिजला होतं.”

उघडी दारं, कुलूपबंद वस्तू

परळची आमची चाळ मी सहा-सात वर्षांचा होईपर्यंत पाहिली आहे. दारं उघडी असायची हे खरं आहे. पण ती का उघडी असायची, हे समजायला जागेचा हिशोब करावा लागतो.

वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीच्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकात सरकारने बांधल्या. दोनशेहून अधिक इमारती, तळमजला अधिक तीन मजले, एका मजल्यावर वीस खोल्या. खोली साधारण १६० चौरस फुटांची. संडास मजल्याला सामाईक. खासगी मालकांच्या चाळींत नळसुद्धा बऱ्याचदा सामाईकच असायचा. अशा खोलीत सात-आठ माणसं राहत असतील तर दार लावून बसणं शक्यच नव्हतं. गॅलरी हीच दुसरी खोली होती.

या जगात विजेची उपकरणं आली ती हळूहळू, आणि एकेका घरात. गोदरेजने भारतात फ्रिज बनवायला सुरुवात केली १९५८ मध्ये, पण गिरणगावात फ्रिज दिसायला आणखी वीस-पंचवीस वर्षं गेली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. दिल्लीनंतरचं देशातलं हे दुसरं केंद्र. टीव्ही महाग होता, शिवाय घरात ठेवायला सरकारी परवाना लागायचा, आणि ती फी १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत भरावी लागत होती. टेलिफोनसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं वाट पाहायचे. १९९१ साली देशात दर शंभर माणसांमागे एक फोनसुद्धा नव्हता.

म्हणजे मजल्यावर वीस खोल्या आणि फ्रिज एक. टीव्ही एक, फार तर दोन. फोन तर अख्ख्या चाळीत एखादा. या वस्तू विकत घेणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असायचं की ही वस्तू आपल्या एकट्याची राहणार नाही.

आणि हे बनवणाऱ्यांनाही माहीत असावं. कारण त्या काळच्या फ्रिजच्या दारालाच कुलूप असायचं, आणि सोबत किल्ली यायची. टीव्ही लाकडी पेटीत यायचा, पुढे सरकतं शटर, आणि त्यालाही कुलूप. फोनच्या गोल डायलच्या भोकात अडकवायचं इवलंसं कुलूप वेगळं मिळायचं. आज फोनला, वायफायला पासवर्ड लावताना आपल्याला वाटतं की ही आपल्या पिढीची खोड आहे. चाळीत दाराला कुलूप नव्हतं, पण दाराच्या आतल्या तिन्ही वस्तूंना होतं.

कुलपाला पळवाट

आमच्याकडे फोन १९८९च्या सुमाराला आला. तोवर बाबांच्या कार्डावर समोरच्या दुकानाचा नंबर होता, आणि कंसात ‘पी.पी.’. ही दोन अक्षरं आता कोणाला कळत नाहीत. त्याचा अर्थ इतकाच की फोन आमचा नाही, शेजाऱ्यांचा आहे, आणि ते आम्हाला हाक मारतील. आमचा फोन आल्यावर आमचाच नंबर चाळीतल्या कितीतरी लग्नपत्रिकांवर ‘पी.पी.’ म्हणून छापला गेला. यातल्या कित्येकांनी विचारलं नव्हतं. पत्रिका हातात पडल्यावर आम्हाला कळायचं.

येणाऱ्या फोनला पैसे पडत नव्हते. पडायचा तो आईचा वेळ. रात्री साडेनऊला ट्रंक कॉल आला की हातातलं पोळपाट बाजूला ठेवून ती गॅलरीत जाऊन तिसऱ्या मजल्याला हाक मारायची.

जाणाऱ्या फोनला मात्र पैसे पडायचे, म्हणून डायलला कुलूप. त्याला पळवाट चाळीतल्या पोरांनी शोधली होती. त्या काळी डायल फिरवला की तो परत येताना लाइन तितक्या वेळा तुटायची आणि जोडली जायची. पाचसाठी पाच वेळा, शून्यासाठी दहा वेळा. रिसीव्हर ठेवायचं बटण तितक्याच वेळा पटापट दाबलं तरी एक्स्चेंजला फरक कळत नसे. आमचा एक शेजारी मुलगा असा सात आकडी नंबर न चुकता लावायचा. बिल पाहिल्यावर बाबा त्याला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून फोनशेजारी एक वही आणि नाण्यांसाठी डबा आला.

ही वही मला महत्त्वाची वाटते. कुलूप फसलं तिथे वही चालली. कारण वहीत नाव लिहिणं म्हणजे विचारणंच होतं, फक्त प्रत्येक वेळी तोंडाने विचारायची लाज त्यात नव्हती.

टीव्हीचंही तसंच. शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. २५ जानेवारी १९८७पासून रविवारी सकाळी ‘रामायण’. या वेळी दार ठोठावून ‘येऊ का?’ असं कोणी विचारत नसे. वेळ हीच परवानगी होती. पण सिनेमा संपल्यावर पाच मिनिटांत खोली रिकामी व्हायची, आणि येताना कोणाच्या तरी हातात भाजलेले शेंगदाणे असायचे. फ्रिजमध्ये दूध ठेवायला दिलेलं पातेलं परत नेल्यावर चार दिवसांनी कशाची तरी वाटी भरून यायची. भांडं रिकामं परत करायचं नाही, हा नियम तर तुमच्याही आजीने सांगितला असेल.

हे सगळं सगळ्यांसाठी सारखं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. काही मुलं खोलीत पुढे बसायची, आणि काही मुलं गॅलरीच्या खिडकीच्या गजांना धरून उभी राहून सिनेमा पाहायची. कोणी आत यायचं आणि कोणी बाहेर थांबायचं, हे कधी कोणी मोठ्याने म्हटलं नाही. ते ठरलेलं होतं, आणि ते जातीवरून ठरलेलं होतं. ‘सगळं सगळ्यांचं’ म्हणणारे मेसेज या खिडकीबद्दल काही सांगत नाहीत.

गुलाबी बर्फ

आता किल्लीची गोष्ट. ती आईने मला त्या रात्री पहिल्यांदा सांगितली.

फ्रिज आमच्याकडे १९८१ साली आला, आईच्या पगारातून, हप्त्यांवर. ती कचेरीत कारकून होती. आजोबा आणि बाबा दोघं गिरणीत. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि महिन्यामागून महिने गेले. दोन पगार बंद झाले. घर आणि फ्रिजचा हप्ता दोन्ही आईच्या एकटीच्या पगारावर आलं.

फ्रिज १६५ लिटरचा. त्या फ्रिजचं दार जितक्या वेळा उघडेल तितकी बाहेरची दमट हवा आत शिरते आणि फ्रीझरवर बर्फाचा थर चढतो. थर जाड झाला की ट्रे अडकतो, मशीन जास्त वेळ चालतं, बिल वाढतं. म्हणून आईने नियम केला होता. बर्फ संध्याकाळी सातनंतर. ताप आलेल्या मुलासाठी कधीही. किल्ली दिवसा आजीच्या कनवटीला.

मार्चमध्ये एका संध्याकाळी आईने ट्रे काढला तर बर्फ किंचित गुलाबी होता. चाखून पाहिला. कोकम.

शेजारच्या खोलीतल्या बाई रोज दुपारी आमच्या ट्रेमध्ये कोकमाच्या सरबताचे तुकडे गोठवत होत्या. थर्मासात भरून शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी नेत होत्या आणि पोरांना विकत होत्या. त्यांच्याकडेही गिरणीतला पगार बंद होता, आणि कचेरीत जाणारं त्यांच्या घरात कोणी नव्हतं. फ्रिज उघडून देत होती आजी. आईला विचारायची गरज दोघींनाही वाटली नव्हती.

“मग तू काय केलंस?” मी विचारलं.

“किल्ली पर्समध्ये टाकली आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत घेऊन गेले.”

“त्यांच्याशी बोलली नाहीस?”

“नाही ना. तेच तर सांगतेय.”

आजी आठवडाभर तिच्याशी बोलली नाही. त्या बाईंनी विषय काढला नाही, पण पाण्याच्या नळावर त्या आईच्या आधी येऊन जायला लागल्या. पावसाळ्याआधी त्यांनी खोलीला कुलूप लावलं आणि सगळे कोकणात गावी गेले. गिरणगावातली हजारो कुटुंबं त्या वर्षी अशीच गेली. हे परत आलेच नाहीत.

मी आईला समजावणीच्या सुरात म्हणालो की तुझी काही चूक नव्हती. ती चिडली. “चूक नव्हतीच. फ्रिज माझा होता, हप्ता मी भरत होते. त्यांना दुपारी दोनदा उघडायला सांगितलं असतं, महिन्याला काही पैसे घेतले असते, तर दोघींचंही भागलं असतं. पण त्यांना विचारायची लाज वाटली आणि मला सांगायची. किल्लीने ते काम परस्पर करून टाकलं.”

फ्रिज केव्हाच भंगारात गेला. किल्ली आईच्या कपाटात, सुईदोऱ्याच्या डब्यात आहे. मी लहानपणी तिच्याशी खेळलो आहे. कशाची आहे हे कधी विचारलं नव्हतं.

मंगळवार, शुक्रवार

प्लगच्या कुलपाची पेटी मी मागवली होती. ती अजून पाकिटातच आहे.

शनिवारी सकाळी शेजारचं दार वाजवलं. वहिनींनी दार उघडलं आणि माझ्याकडे पाहून त्यांच्या लक्षात आलं. आत पलंगावर त्यांचे सासरे झोपले होते. गेल्या दिवाळीपासून ते उठलेले नाहीत. रोज दोन चादरी.

मी तयार करून गेलेलं वाक्य म्हटलं, “वहिनी, मशीन वापरता त्याचं काही नाही, पण विचारायला हवं होतं.”

त्या म्हणाल्या, “विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात.”

मी थांबलो. खरं होतं. कसल्या चादरी आहेत हे कळल्यावर मी नक्कीच नाही म्हणालो असतो. आताही मला ते नको वाटत होतं. आमचे कपडे त्याच ड्रममध्ये जातात. हेही मी त्यांना सांगितलं. सांगताना कान गरम झाले, पण सांगितलं. त्यांनी मान डोलावली. म्हणाल्या, आधी बादलीत डेटॉलच्या पाण्यात भिजवूनच टाकते. मी म्हटलं, त्यानंतर एकदा नुसत्या गरम पाण्यावर मशीन रिकामं फिरवा. त्या हो म्हणाल्या.

मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी दोन ते चार, असं ठरलं. पावडर त्यांची. विजेचे म्हणून महिन्याला दोनशे रुपये त्यांनी पुढे केले. मी नको म्हणणार होतो, पण आईने आदल्या रात्री बजावलं होतं, “पैसे देऊ केले तर घे. नाहीतर दर वेळी त्यांना उपकार वाटेल, आणि मग परत चोरून सुरू होईल.” मी घेतले.

हे फार काळ सुरळीत चालेल की नाही, माहीत नाही. एका शुक्रवारी त्या पाच वाजेपर्यंत मशीन लावून बसल्या होत्या, आणि मी त्या दिवशी लवकर आलो होतो. थोडी कुरबुर झाली. मी बोललो, त्याही बोलल्या. पण दोघांचीही तोंडं एकमेकांकडे होती.

गेल्या मंगळवारी मी सुट्टीवर होतो. दोनला दार वाजलं. दिवस ठरलेला, वेळ ठरलेली, तरी वहिनी हातात बादली घेऊन उभ्या होत्या.

“लावू का?” त्यांनी विचारलं.