गर्द : एका लेखमालेचा उत्तरार्ध

लेखनाने समाजात नेमके काय घडते, हा प्रश्न साहित्याच्या वर्गात वारंवार निघतो. मराठीत त्याला एक ठोस उत्तर आहे. १९८०च्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर, म्हणजेच ‘गर्द’, पसरली. १९८५ साली अमली पदार्थविरोधी कायदा झाला. परंतु व्यसनात सापडलेल्या मुलाला न्यायचे कुठे, हा घरच्यांचा प्रश्न त्याने सुटणारा नव्हता. अनिल अवचट यांनी या विषयावर ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी एक लाख रुपये देऊ केले. २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. डॉ. सुनंदा (अनिता) अवचट यांनी ते उभे केले.

ही हकीकत बहुधा इथेच, लेखणीच्या विजयापाशी, संपवली जाते. तिचा उत्तरार्ध मात्र अधिक महत्त्वाचा आहे.

अफूजन्य पदार्थ काही आठवडे बंद राहिले की शरीराची ते सोसण्याची सवय मोडते. अशा वेळी जुन्याच मात्रेत पुन्हा घेतलेले गर्द श्वास मंदावते, प्रसंगी थांबवते. म्हणजे उपचार घेऊन घरी परतल्यानंतरचा काळ सर्वांत धोक्याचा. पुण्याहून घाट उतरून कर्जत-खालापूरकडच्या एखाद्या गावी परतणाऱ्या तरुणासोबत संस्था येत नाही. तिथे असतात घरचे, शेजारी आणि जुने सोबती. मुक्तांगणने घरी गेलेल्यांचा पाठपुरावा आणि पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालवले, ते म्हणूनच उपचाराचा भाग मानावे लागतात.

थांबू लागलेला श्वास परत आणणारे नालोक्सोन नावाचे औषध आहे. शिकागोमध्ये १९९६पासून कार्यकर्ते ते थेट व्यसनींच्या हाती देऊ लागले. प्रसंग पाहणाऱ्या सामान्य माणसालाही ते मिळावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली केली. भारतात अफूजन्य पदार्थ घेणाऱ्यांची संख्या २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे २ कोटी २६ लाख निघाली. तरीही आपल्याकडे हे औषध प्रामुख्याने रुग्णालयातच राहिले आहे.

अवचटांच्या लेखमालेने वाचकाला व्यसनी माणसाकडे गुन्हेगार म्हणून न पाहता माणूस म्हणून पाहायला लावले. ती दृष्टी पहिली पायरी होती. पुढची पायरी साधी आहे : तो कोसळला असता लाजेपोटी दार लावून न घेता मदतीला हाक मारणे. व्यसन सुटायला माणूस आधी जिवंत असावा लागतो.